औषध लागू का पडत नाही?

मागच्या व्याख्यानात आपण जिवाणूंची ओळख करून घेतली. आजचा प्रश्न असा, की रुग्णालयातल्या काही जिवाणूंपुढे अँटिबायोटिक हतबल का होतं? आपण सहज म्हणतो, 'त्याच्या अंगाला औषधाची सवय झाली.' तसं नसतं बघा. औषधाला दाद देत नाही तो जिवाणू, रुग्णाचं शरीर नव्हे. म्हणूनच ज्याने आयुष्यात फारशी औषधं घेतली नाहीत, त्यालाही अतिदक्षता विभागात असा जिवाणू गाठू शकतो.

हे घडतं कसं? अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय जिवाणूंची संख्या साधारण २० मिनिटांत दुप्पट होते. कोट्यवधींच्या या गर्दीत जनुकातल्या एखाद्या बदलामुळे औषधाला पुरून उरणारे मोजके असू शकतात. औषध बाकीच्यांना मारतं आणि रिकामी झालेली जागा हे मोजके व्यापतात. म्हणजे काय, तर औषध त्यांना शिकवत नाही, निवडतं.

दुसरी वाट आणखी धोक्याची आहे. प्लास्मिड नावाची डीएनएची छोटी कडी एका जिवाणूतून दुसऱ्यात, अगदी वेगळ्या प्रजातीतही जाते. नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीत क्लेबसिएला न्यूमोनिए हा जिवाणू सापडला. त्याच्याकडे 'एनडीएम-१' हे जनुक होतं. गंभीर संसर्गासाठी राखून ठेवलेली कार्बापेनेम गटातली औषधं मोडून टाकणारं विकर त्यातून तयार होतं. २००९ साली हे प्रसिद्ध झालं. त्याच रुग्णाच्या विष्ठेतल्या ई. कोलायमध्येही तेच जनुक मिळालं!

आता रुग्णाच्या बाजूने पाहू. नमुन्यातले जिवाणू वाढवून कोणतं औषध चालेल हे तपासायला सहसा दोन-तीन दिवस जातात. संसर्ग रक्तात पसरला असेल, तर तेवढं थांबता येत नाही. डॉक्टर अनुभवावरून औषध सुरू करतात. जिवाणू दाद न देणारा निघाला, तर तेवढ्यात रुग्ण हातचा जाऊ शकतो. म्हणून शक्य तिथे पहिल्या डोसआधी कल्चरचा नमुना घ्यायचा आणि अहवाल आला की औषध त्यानुसार बदलायचं.

आपल्या हातात काय आहे? साधं सर्दी-पडसं विषाणूंमुळे होतं. त्यावर अँटिबायोटिक घेतलं तर पडसं जात नाही, पण आतड्यातल्या जिवाणूंमध्ये निवड मात्र सुरू होते. पुढे शस्त्रक्रियेसाठी दाखल होताना हेच जिवाणू आपण सोबत नेतो. आणि रुग्णाला भेटायला गेलो, तर खाटेजवळ जाण्याआधी आणि तिथून निघताना हात धुवायचे. एका खाटेवरून दुसरीकडे जायला जिवाणूला आपला हात पुरतो.