'व्यंग' या शब्दाची मर्यादा

कुष्ठरोगविषयक कार्यात वर्धा जिल्ह्यास मानाचे स्थान आहे. १९३६ साली मनोहर दिवाण यांनी वर्ध्यानजीक दत्तपूर येथे महारोग्यांच्या सेवेस आरंभ केला. पुढे १९५१ साली स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने पाहणी, शिक्षण व उपचार ही त्रिसूत्री अंगीकारली. रोगी गावातच राहावा व तेथेच त्याचा शोध घेऊन उपचार व्हावेत, हे तिचे तत्त्व होय. परंतु घरोघरी जाऊन विचारपूस करावयाची, तर विचारण्याचे शब्द नेमके असावे लागतात. येथे हा विषय भाषाशास्त्राच्या कक्षेत येतो.

कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंस इजा करतात. त्यामुळे हातापायांची संवेदना नाहीशी होते. काटा रुतला वा चटका बसला तरी वेदना होत नाही, आणि दुर्लक्षित जखम चिघळत जाते. हातापायांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने याच्या तीन श्रेणी मानल्या आहेत: संवेदना शाबूत व दृश्य विकृती नाही, ती शून्य, संवेदना गेली, पण दृश्य विकृती नाही, ती पहिली, दृश्य विकृती अथवा इजा झाली, ती दुसरी.

मराठीतील 'व्यंग' हा शब्द व्यवहारात डोळ्यांस दिसणाऱ्या न्यूनाचाच वाचक आहे. "हातापायांत काही व्यंग आहे काय?" या प्रश्नास पहिल्या श्रेणीतील मनुष्य प्रामाणिकपणे "नाही" असेच उत्तर देईल. उत्तर खोटे नव्हे. प्रश्न अपुरा आहे. 'बधिर' शब्दानेही काम भागत नाही, कारण 'मूकबधिर' या समासामुळे तो ऐकू न येण्याशी निगडित झाला आहे. त्यापेक्षा "चालताना पायातील चप्पल निसटली तर कळते काय?", "गरम भांड्याचा चटका जाणवतो काय?" असे अनुभवास धरून विचारलेले प्रश्न अधिक उपयुक्त ठरतील. अर्थात स्पर्शपरीक्षेची जागा ते घेऊ शकत नाहीत. परंतु प्रश्नावलीवर आधारलेल्या संशोधनात त्यांचे महत्त्व मोठे आहे. पुनर्वसनाच्या दृष्टीने पहिली श्रेणीच निर्णायक होय, कारण पुढील विकृती टाळणे तेथे अद्याप शक्य असते.

'रोगी' या शब्दाचीही अशीच अडचण आहे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने रोग बरा होतो. गेलेली संवेदना मात्र पुष्कळदा परत येत नाही. अशा मनुष्यास 'महारोगी' म्हणत राहणे शास्त्रास सोडून आहे, आणि 'बरा झाला' एवढेच म्हणून त्याची नोंद मिटवणे घातक आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने 'कुष्ठरोगमुक्त व्यक्ती' हा स्वतंत्र वर्ग मानला, आणि त्याच्या व्याख्येत दृश्य विकृती नसलेल्या संवेदनानाशाचाही समावेश केला. कायद्याने जो भेद स्वीकारला आहे, तो मराठी प्रश्नावलीतही उतरला पाहिजे. अन्यथा ज्याचा पाय अजून वाचू शकतो, तोच मनुष्य गणनेतून वगळला जाईल.