बॉल पायथॉनचा उपवास

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशांत उंदरांच्या बिळांत व वाळवीच्या वारुळांत राहणारा बॉल पायथॉन, म्हणजे धोका जाणवताच अंगाचा गोळा करून डोके मध्यभागी दडवणारा लहान अजगर, घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून झालेल्या निर्यातीमुळे व पुढे बंदिस्त पैदाशीमुळे अमेरिका आणि युरोपातील घरांत सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या सापांपैकी एक ठरला आहे. तो सहसा चावत नाही, दीड मीटरपेक्षा फारसा वाढत नाही. मात्र समोरच्या भक्ष्याकडे आठवडेच्या आठवडे पाठ फिरवण्याची त्याची सवय नवख्या पालकाला हवालदिल करून सोडते.

ही धास्ती बहुधा कुत्र्या-मांजरांच्या भुकेवरून सापाची भूक जोखल्यामुळे निर्माण होते. शरीर उबदार ठेवण्यासाठी अन्न जाळण्याची गरज सापाला नसते, आणि अजगरांची पचनसंस्था तर उपवासात आकुंचित होऊन भक्ष्य गिळल्यावर नव्याने वाढते. बर्मी अजगरावरील प्रयोगांत मोठ्या जेवणानंतर आतड्याचे वजन काही दिवसांतच सुमारे दुप्पट झाल्याचे आढळले. बॉल पायथॉनचा नर विणीच्या हंगामात अन्न नाकारतो, मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून सुमारे दोन महिने काहीही न खाता बसते, आणि कात टाकण्यापूर्वी डोळ्यांवर दुधी झाक आली की अनेक साप खाण्याचे थांबवतात.

अर्थात प्रत्येक उपवास ऋतूमुळेच घडतो असे नाही. उघड्या काचेच्या पेटीत, लपायला जागा नसताना, बिळात राहणारा हा प्राणी शिकारीपेक्षा स्वतःच्या बचावाकडेच अधिक लक्ष देतो, आणि पेटी थंड असेल तर गिळलेले अन्न पचत नसल्याने ते न गिळणेच त्याच्या हिताचे ठरते. म्हणून पेटीच्या एका टोकाला सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश, दोन्हीकडे अंग घट्ट मावेल असा आडोसा आणि हवेत पुरेसा दमटपणा, एवढी तजवीज आधी तपासावी. भक्ष्य बदलण्याचा विचार त्यानंतरचा.

भक्ष्य देण्याची रीतही तितकीच महत्त्वाची असते. या अजगराच्या ओठांवरील खळगे उष्णतेचा वेध घेतात, तर जिभेने टिपलेले गंधकण टाळूतील विशेष इंद्रियाकडे पोहोचतात. त्यामुळे गोठवलेला उंदीर आतपर्यंत वितळवून, कोमट पाण्याने जिवंत उंदराइतका, म्हणजे सुमारे ३८ अंशांपर्यंत उबदार केला आणि अंधार पडल्यावर लांब चिमट्याने हळूच हलवला, तर खोलीच्या तापमानाचा उंदीर नाकारणारा सापही तो झडप घालून पकडू शकतो. मायक्रोवेव्हचा वापर टाळावा, कारण त्यात काही भाग शिजतो आणि पोट फुटण्याची शक्यता असते. भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाइतकी असली म्हणजे पुरे. जिवंत उंदीर मात्र पेटीत सोडून निघून जाऊ नये, कारण भूक नसलेला साप प्रतिकार करत नाही आणि उंदीर त्याला कुरतडून गंभीर जखमी करतो.

सर्वांत कठीण काम वाट पाहण्याचे आहे. रोज नवा उंदीर पुढे करणारा, मधल्या काळात सापाला वारंवार हाताळणारा पालक त्याचा ताण वाढवतो. नकारानंतर आठवडाभर तरी सापाला एकटे सोडावे आणि दर पंधरवड्याला वजन नोंदवावे. प्रौढ, धष्टपुष्ट साप महिनोन्‌महिने फारसा बारीक न होता राहू शकतो, पण नुकत्याच जन्मलेल्या पिलाला तशी शिदोरी नसते. वजन सतत घटत असेल, पाठीचा कणा उठून दिसत असेल, किंवा श्वासाबरोबर घरघर ऐकू येऊन तोंडात बुडबुडे दिसत असतील, तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जाणकार पशुवैद्याकडे जावे. बळजबरीने घशात अन्न घालण्याचा निर्णयही त्याच्यावरच सोपवावा, कारण अनभ्यस्त हाताने अन्ननलिकेला इजा होते आणि ताणामुळे साप पुढचे भक्ष्यही नाकारू लागतो.