माशी चावली की अंग का सुजतं? गोळी कुठवर पुरते, दवाखाना कधी गाठायचा?

बांधावरचं गवत कापताना गांधीलमाशी चावते, कधी आग्या मोहोळ उठतं. चावलेली जागा लाल होते, सुजते, खाज सुटते. काहींच्या सगळ्या अंगावर चट्टे उठतात. त्याला आपल्याकडं 'पित्त उठलं' म्हणतात. पण हे पोटातल्या पित्तामुळं नव्हे, तर हिस्टामिन नावाच्या रसायनामुळं होतं.

हिस्टामिन आपल्याच शरीरात तयार होतं. कातडी, नाक, फुफ्फुसं, आतडी अशा ठिकाणी 'मास्ट' नावाच्या पेशी असतात. त्या शरीराच्या राखणदार. त्यांच्यात हिस्टामिनच्या बारीक पुड्या भरलेल्या असतात. विष आत गेलं की या पुड्या रिकाम्या होतात. बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यातून पाणी झिरपतं आणि सूज येते.

हिस्टामिन म्हणजे एक किल्ली समजा. वेगवेगळ्या पेशींवर तिची चार प्रकारची कुलपं आहेत. एच-1 उघडलं की खाज, सूज, शिंका. एच-3 मुख्यतः मेंदूत असतं. एच-4 उघडलं की आणखी पांढऱ्या पेशी तिकडं धावतात. एच-2 पोटात आम्ल वाढवतं. पण पांढऱ्या पेशींवरचं हेच कुलूप उघडलं, तर सूज वाढवणारे 'टीएनएफ'सारखे निरोप कमी होतात आणि सूज आवरणारा 'इंटरल्युकिन-10' वाढतो. म्हणजे एकच रसायन आग लावतं आणि आवरही घालतं.

सेट्रीझीनची गोळी फक्त एच-1 अडवते. खाज आणि चट्टे त्यानं कमी होतात. मात्र मोठ्या ॲलर्जीत मास्ट पेशींतून हिस्टामिनसोबत इतरही रसायनं बाहेर पडतात. तिथं गोळी पुरत नाही, शिवाय ती लागू पडायला वेळ लागतो.

म्हणून ही लक्षणं ओळखा: ओठ, जीभ किंवा घसा सुजणं, आवाज बसणं, दम लागणं, चक्कर येणं, एकसारख्या उलट्या. यातलं काही दिसलं तर गोळीची वाट पाहत बसू नका. लगेच 108 ला फोन करा. अशा वेळी ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन जीव वाचवतं, ते मांडीत देतात. गाडी येईपर्यंत रुग्णाला आडवं झोपवा, दम लागत असेल तर बसू द्या, पण चालवू नका. मधमाशीचा काटा कातडीत अडकला असेल तर लगेच काढा.

एकदा असा त्रास झालेल्या माणसाला पुन्हा माशी चावली तर जास्त धोका असतो. घरात असं कुणी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.