उसात दिसला तो नेमका कोण?



गळीत हंगाम सुरू झाला की गट कार्यालयात तोडीच्या निरोपांबरोबर आणखी एक निरोप येऊ लागतो : "फडात वाघ हाय." चिटबॉयने विचारावे, कुणी पाहिला? तर सांगणाऱ्याने पाहिलेला नसतो, त्याच्या मेव्हण्याने पाहिलेला असतो. मग कुणाचा तो वाघ, कुणाचा बिबट्या, कुणाचा चित्ता. टोळी कोयता खाली ठेवते, गाड्या उभ्या राहतात, आणि ऊस वाळतो तो सभासदाचा.

हसून सोडून द्यावे, तर आष्टीची आठवण होते. नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात आठवड्याभरात तीन माणसे बिबट्याने मारली. त्यांत एक शेतकरी, एक लहान मुलगा आणि एक बाई होती. पुढचे हल्ले शेजारच्या करमाळा तालुक्यात झाले, आणि १८ डिसेंबर २०२० रोजी तिथेच तो बिबट्या गोळी घालून मारावा लागला. त्या दिवसांत लोक रानात जायला धजत नव्हते. तेव्हा प्रत्येक निरोप खरा मानणेही परवडत नाही आणि प्रत्येक खोटा मानणेही. निरोप तपासावा लागतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्या खेड्यात बिबट्यालाही वाघ किंवा वाघरूच म्हणतात, आणि ठिपके दिसले की चित्ता. चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते आणले, ते मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात. चित्त्याचे ठिपके भरीव आणि सुटे, डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ. बिबट्याच्या अंगावर ठिपक्यांची पोकळ फुले असतात. उसात असतो तो बिबट्या.

पट्टेरी वाघ मात्र आपल्याकडे येणारच नाही, असेही छातीठोक सांगता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात वाघ सापडला. पट्टे जुळवून पाहिले, तर गडी यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून चालत आलेला! माणसाच्या अंगठ्यासारखे वाघाचे पट्टेही ज्याचे त्याला. म्हणून हा शोध लागला. तोंडी गोष्टीवर लागला नसता.

हा घोळ आपल्याच अडाणीपणाचा आहे, असे कुणी समजू नये. विलायतेत कॉर्नवॉल भागातल्या बॉडमिनच्या माळावर काळे मोठे मांजर हिंडते, मेंढ्या मारते, अशी ओरड होती. १९९५ साली तिथल्या सरकारने चौकशी केली. पक्का पुरावा मिळाला नाही. थोड्याच दिवसांत एका पोराला नदीत बिबट्याची कवटी सापडली. झाले, सगळीकडे बोंब! संग्रहालयातल्या तज्ज्ञांनी पाहिले, तर कवटीत उष्ण देशातल्या झुरळाच्या अंड्यांचे कवच. कवटी खरी, पण ती परदेशातून आलेल्या कातड्याच्या गालिच्याची होती. कवटी हातात असूनही तपासावी लागली. आपल्याकडे तर निम्म्या वेळा मोबाईलवर फिरणारा भलत्याच राज्यातला जुना व्हिडिओ असतो.

मग तपासायचे कसे? सरीतल्या ओल्या मातीत ठसा उमटतोच. चार बोटे, नखे दिसत नाहीत, आणि रुंदी साधारण तीन इंच, तर बिबट्या. नखांच्या खुणा दिसल्या तर कुत्रा, लांडगा नाहीतर तरस. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळक मोठा असतो. पाच इंचांच्या आसपासचा बिननखी ठसा असेल तर मात्र थट्टा बंद करावी. ठशावर घमेले पालथे घालावे आणि वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवावे. शेळी-वासरू मेले असेल तर नरडे पाहावे. बिबट्या गळा धरतो, मोकाट कुत्री मांड्या नि पाय फाडतात. पंचनामा होईपर्यंत जनावर हलवू नये, नाहीतर भरपाईचा कागद अडतो.

पिंजरा लावून सगळे बिबटे उचला, ही मागणी आम्हीही ऐकतो. पण जुन्नर भागात २००१ पासून तीन वर्षांत शंभरावर बिबटे पकडून बरेचसे दुसरीकडे सोडले. आधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते सतरावर गेले. अनोळखी मुलखात टाकलेले जनावर बिथरते. उलट अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात डॉ. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरला पाचेक मोठे बिबटे निघाले, आणि तिथे माणसे मरत नव्हती. त्यांच्या पोटात सर्वांत जास्त काय सापडले? गावची कुत्री. म्हणून कोप्यांभोवती खरकटे आणि कुत्री जितकी कमी, तितके बरे.

आता फडातली गोष्ट. ऊस चहूबाजूंनी तोडत आत येऊ नये. एका अंगाने सुरुवात करून दुसरीकडे ओढ्याची वाट मोकळी ठेवावी. शेवटच्या पट्ट्यात कोंडलेले वाघरू अंगावर येते, आणि त्यावेळी पुढे असतो तो कोयतेवाला. लेकरांना कोपीत एकटे ठेवू नये, बांधावर उघड्यावर निजवू नये. रात्रीच्या लाईटीवर दारं धरायला जाताना दोघे मिळून जावे, बॅटरी घ्यावी, बोलत चालावे. वाकून बसलेला माणूस त्याला जनावरासारखा दिसतो.

पाचटात पिल्ले सापडली तर उचलून गावात मिरवू नयेत. कित्येकदा ती रानमांजराचीच असतात. बिबट्याची असली, तर आई जवळच असते आणि अंधार पडल्यावर शोधत येते. तेवढा भाग तोडायचा थांबवून गट कार्यालयात कळवा. वन विभागाची माणसे पिल्ले तपासून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात, आणि बहुतेक वेळा आई ती तोंडात धरून घेऊन जाते. टोळीला त्या दिवशी दुसरा फड देण्याची व्यवस्था चिटबॉयकडे मागावी.