नावातले सायनाइड आणि खरा धोका

हळदीचा डाग पडलेला कपडा धुऊन कडक उन्हात वाळत घातला की डाग फिका होत जातो, हे घरोघरी माहीत असते. छायाचित्रणाचे मूळ यातच आहे. प्रकाशाने काही पदार्थांचे रसायन बदलते. हळदीने रंगवलेल्या कागदावर पान दाबून तो उन्हात ठेवला, तर पानाखालचा भाग पिवळा राहतो आणि भोवतालचा विटतो. झाले छायाचित्र!

मोबाइलच्या काळातही अशा जुन्या पद्धतींचा छंद अनेकांना लागतो. सुरुवात बहुधा पिनहोल कॅमेऱ्याने होते. आतून काळा केलेला डबा, एका बाजूला सुईच्या टोकाएवढे छिद्र, समोर फोटोचा कागद. भिंग लागतच नाही. प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून प्रतिमा उलटी पडते. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी सावली दिसते, ती याच कारणाने. छिद्र आणि कागद यांत १० सेंटिमीटर अंतर असेल, तर सुमारे ०.४ मिलिमीटरचे छिद्र चांगले. त्याहून मोठे केले तर चित्र पसरट होते, फार लहान केले तरी धूसर होते.

नेत्रतज्ज्ञही हेच तत्त्व वापरतात. बारीक छिद्राच्या चकतीतून अक्षरे स्पष्ट दिसली, तर दोष बहुधा चष्म्याने सुटणारा असतो. न दिसल्यास डोळ्याची पुढील तपासणी करावी लागते.

पुढची पायरी म्हणजे घरी छपाई. सर्वांत लोकप्रिय पद्धत सायनोटाइप. जॉन हर्शेल यांनी ती १८४२ मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षापासून ॲना ॲटकिन्स यांनी तिच्या मदतीने समुद्रशैवालांचे चित्रग्रंथ काढले. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचे मिश्रण कागदाला लावायचे, त्यावर निगेटिव्ह किंवा पान ठेवून ऊन द्यायचे आणि साध्या पाण्याने धुवायचे. जिथे ऊन लागले तिथे गडद निळा रंग उरतो.

‘सायनाइड’ हे नाव वाचून पालक दचकतात. पण फेरिसायनाइडमधले सायनाइड लोहाशी घट्ट बांधलेले असते, त्यामुळे त्याचा विषारीपणा कमी असतो. तयार होणारा निळा रंग, प्रशियन ब्लू, तर थॅलियमच्या विषबाधेवर औषध म्हणून दिला जातो. मात्र फेरिसायनाइड खूप तापवू नये आणि संडास धुण्याच्या ॲसिडजवळ नेऊ नये, कारण त्यातून विषारी वायू सुटू शकतो.

खरी काळजी घ्यायची ती ‘गम प्रिंट’मध्ये. डिंक आणि जलरंगात पोटॅशियम डायक्रोमेट मिसळून ही रंगीत छपाई करतात. नाव निरुपद्रवी वाटते, नारिंगी स्फटिक दिसतात सुंदर. पण त्यातले हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक आहे. सिमेंटमध्ये काम करणाऱ्या गवंड्यांच्या हातांवर चिवट इसब होतो, त्यामागे अनेकदा हेच क्रोमियम असते. एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा जन्मभर राहते. पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. १८५१ च्या ओल्या कोलोडियन पद्धतीत तर ज्वालाग्राही ईथर आणि काही वेळा खरेखुरे पोटॅशियम सायनाइड वापरतात. या दोन्ही पद्धती घरी, मुलांसोबत करू नयेत.

सायनोटाइप करतानाही हातमोजे घालावेत, पूड मोजताना मास्क लावावा. स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत आणि रसायने पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ठेवू नयेत. डोळ्यात थेंब उडाल्यास निदान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे. कोणी रसायन गिळल्यास उलटी करवू नये. बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठावे.

शेवटची सूचना मुलांसाठी. पिनहोलमधून सूर्याकडे कधीही पाहू नये. डोळ्याचा पडदा भाजताना दुखत नाही, त्यामुळे इजा झाल्याचे नंतर कळते. सूर्याकडे पाठ करून उभे राहावे आणि छिद्रातून कागदावर पडलेले बिंब पाहावे.