‘दीड टन’ म्हणजे किती वॅट?

वातानुकूलन यंत्राचा ‘टन’ हे वजनाचे नव्हे, तर उष्णता बाहेर काढण्याच्या क्षमतेचे माप आहे. अमेरिकी एक टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी ही क्षमता. ती ताशी १२,००० ब्रिटिश औष्णिक एकके, अर्थात ३,५१७ वॅट भरते. त्यानुसार दीड टनी यंत्र सुमारे ५,२७५ वॅट उष्णता बाहेर टाकते. मात्र तेवढी वीज त्याला लागत नाही. कारण ते उष्णता केवळ वाहून नेते. उष्णता व वीज यांचे गुणोत्तर ३.५ असल्यास पूर्ण भाराने आठ तासांत सुमारे १२ युनिट, तर ५ असल्यास साडेआठ युनिट वीज लागते. म्हणूनच खरेदी करताना टनाबरोबरच स्टार लेबलवरील कार्यक्षमतेचा आकडाही पाहणे हिताचे ठरते.