छातीत धडधड, श्वास अपुरा : पॅनिक अटॅक आला तर काय कराल?

रात्री सगळे झोपलेले असतात. घरातली सून अचानक उठून बसते. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, अंगाला दरदरून घाम. "मला श्वास येत नाही, मी आता वाचत नाही," एवढंच ती म्हणते. शेजारीपाजारी जमतात. कोणी कांदा हुंगवतं, कोणी म्हणतं बाहेरचं काहीतरी आहे. रिक्षा करून दवाखान्यात नेतात, तर ईसीजी नॉर्मल. घरी आल्यावर मग कुजबुज सुरू होते, "नाटक करते."

हे नाटक नाही आणि बाधा तर नाहीच. याला पॅनिक अटॅक म्हणतात. बायकांना येतो तसा पुरुषांनाही येतो. पण पुरुष अनेकदा सांगत नाहीत.

शरीरात काय घडतं?

संकट आलं की पळता यावं म्हणून शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं. हृदय जोरात धडधडतं, श्वास भराभर चालतो. पॅनिक अटॅकमध्ये संकट समोर नसतानाच ही घंटा वाजते. भराभर श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे चक्कर येते, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, छाती आवळल्यासारखी वाटते. माणूस आणखी घाबरतो आणि आणखी जोरात श्वास घेतो. म्हणजे श्वास कमी पडतोय असं वाटतं, पण बहुतेक वेळा तो गरजेपेक्षा जास्त होत असतो.

म्हणूनच "मोठा श्वास घे, मोठा श्वास घे" असं सांगून फायदा होत नाही. सावकाश सोडायला सांगा.

श्वास कसा घ्यावा?

१. भिंतीला टेकून बसा. गळ्याशी, कमरेशी घट्ट असलेले कपडे सैल करा.

२. एक हात पोटावर ठेवा. आधी आत असलेला श्वास हळूच सोडून द्या.

३. नाकाने श्वास घेत मनात ४ अंक मोजा. खांदे वर नकोत, पोट फुगलं पाहिजे.

४. बशीतला चहा फुंकतो तसे ओठ करून ६ अंक मोजत श्वास सोडा. जोर लावू नका.

५. असं पाच मिनिटं करा. ४ आणि ६ जमत नसेल तर ३ आणि ४ मोजा. श्वास रोखून धरू नका. तोंडाला कागदी पिशवी लावू नका. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते धोक्याचं आहे.

अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरू लागतो. "ही लाट आहे, उतरेल," असं स्वतःला सांगा.

घरच्यांनी गर्दी हटवावी, दार उघडं ठेवावं. एकाच माणसाने जवळ बसून शांत आवाजात आकडे मोजावेत. ओरडू नये, हसू नये.

विहारातली आनापानसती आणि हे मोजणं

आनापानसतीत श्वास बदलायचा नसतो, जसा आहे तसा पाहायचा असतो. अटॅकच्या वेळी मात्र काहींना श्वासाकडे पाहूनच जास्त भीती वाटते. अशा वेळी पाय जमिनीवर घट्ट टेकवा आणि समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. थोडं सावरलं की मोजणं सुरू करा. रोज सकाळी वंदनेनंतर पाच मिनिटं सराव ठेवला, तर ऐन वेळी आठवण करून द्यावी लागत नाही.

घरीच निदान करू नका

छातीवर दाब, कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, बेशुद्धी यांपैकी काही असेल तर थांबू नका, १०८ ला फोन करा. बीपी, शुगर असलेल्यांनी आणि असा त्रास पहिल्यांदाच झालेल्यांनी आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. थायरॉइड आणि रक्त कमी असणं यांमुळेही धडधड होते.

जास्त चहा, तंबाखू, मिश्री यांनी धडधड वाढते. मेडिकलमधून स्वतःहून झोपेची गोळी आणू नका, तिची सवय लागते.

अटॅक पुन्हापुन्हा येत असेल, किंवा त्याच्या भीतीने बाजारात, कामाला जाणं बंद झालं असेल, तर मानसोपचार तज्ज्ञाला दाखवा. समुपदेशन आणि औषधं यांनी हा आजार आटोक्यात येतो. तिथे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला आपला हक्क आहे. टेली मानसच्या १४४१६ या नंबरवर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येतं, मराठीतही.

श्वासाने लाट उतरते, पण कर्जाचा तगादा, सुटलेलं काम, घरातली मारहाण श्वासाने सुटत नाही. म्हणून ज्याला अटॅक येतो त्याला नंतर शांतपणे विचारा, "मनावर कसलं ओझं आहे?" आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.